वसंतातलं लग्न आणि फुलांची खरेदी

चैत्र-वैशाखातल्या लग्नासाठी फुलं कशी निवडायची आणि कशी विकत घ्यायची, हा आजचा विषय. आमच्याकडे कुणी हा विषय घेऊन आलं की आम्ही पहिलं विचारतो, मुहूर्त किती वाजताचा? रंग, सजावट, बजेट हे सगळं नंतर. कारण एप्रिल-मेच्या उन्हात फुलाला ऋतू असतो तसा तासही असतो.

मोगऱ्याचंच बघा. थंडीत तो जेमतेम येतो आणि भाव विचारायची सोय नसते. ऊन वाढलं की जव्हार, विक्रमगडकडची आवक वाढते आणि दादरच्या बाजारात पाट्याच्या पाट्या दिसतात. तेव्हा वसंतातल्या लग्नाला मोगरा हवाच. पण त्याची कळी पहाटे खुडतात आणि ती उमलते संध्याकाळी. म्हणजे गोरज मुहूर्त असेल तर सकाळी घेतलेला गजरा अगदी अक्षता पडायच्या वेळी फुलतो, दरवळतो. दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल तर त्याच गजऱ्यात मिटलेल्या कळ्या असतात. दिसतात छानच, वास मात्र फारसा नसतो. मग काही जण आदल्या दिवशीचा घेतात. तो रात्रीच उमललेला असतो, दुपारपर्यंत तांबूस पडतो. त्यापेक्षा कळ्यांचा गजरा बरा. तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा, वर पाणी शिंपडत बसायचं नाही, डाग पडतात.

दुपारच्या हाराला गुलछडी, म्हणजे निशिगंध, चांगली टिकते. हारासाठी एकेरी पाकळीची घ्या, ती सुटी, किलोवर मिळते. दुहेरी पाकळीची दांडीसकट येते, ती फुलदाणीत शोभते.

आता शेवंती. आमच्या घरच्या एका लग्नात एप्रिलमध्ये पांढऱ्या शेवंतीचेच हार हवेत, असा हट्ट झाला. फोटोत तशीच होती ना! पण शेवंती ही लांब रात्रींवर फुलणारी. दिवस मोठे झाले की तिला कळ्या धरायला लावणं खर्चिक असतं. भाव तिप्पट मोजला, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीच्या हारातून पाकळ्या गळत होत्या. व्हिडिओत ते अजून दिसतं. हारवाल्याला आम्ही रागावलो खरे, पण चूक आमचीच होती.

बाजारात जायचं ते पहाटे. पुण्यात गुलटेकडीला, मुंबईत दादरला. झेंडूच्या पोत्यात सरळ मधोमध हात घाला. आत गरम लागलं तर माल शिळा आहे, कुजायला लागलाय. चिंब ओला झेंडूही नको, पाण्याचं वजन तुम्ही फुलाच्या भावाने घेता. फूल उलटं करून देठाकडचा हिरवा भाग बघा, तो घट्ट आणि ताजा हवा. डच गुलाबाच्या जुडीत साधारण 20 आणि जरबेराच्या जुडीत 10 फुलं असतात, ती मोजून घ्यावीत. विक्रेता रागावत नाही, त्याला सवय असते.

(श्रोत्यांमधून प्रश्न : फुलं किती दिवस आधी सांगून ठेवायची?)

आठ दिवस आधी, पण त्याआधी कॅलेंडर बघा. गुढीपाडव्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत झेंडू चढतो, दुसऱ्या दिवशी उतरतो. अक्षय्य तृतीयेला तर साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून निम्म्या गावाची लग्नं असतात. त्या दिवशी फुलांपेक्षा हार गुंफणारे हात कमी पडतात. तेव्हा किलोचा हिशेब सांगू नका. किती हार, किती लांब आणि कार्यालयात किती वाजता पोचायला हवेत, ते सांगा. मुहूर्ताच्या तासभर आधी आले की पुरे. आणि हो, ते आणणाऱ्याला बजावून ठेवा की हार गाडीच्या डिकीत टाकायचे नाहीत.