ताठा कुणाचा?

मेरिटन गावच्या नाचाच्या समारंभात डार्सी पाऊल ठेवतो आणि पाच मिनिटांत दालनभर कुजबुज पसरते : वर्षाला दहा हजार पौंड उत्पन्न! अर्धी संध्याकाळ तो सगळ्यांना देखणा वाटतो. मग लक्षात येतं, की बरोबर आलेल्या दोघींखेरीज तो कुणाबरोबर नाचत नाही, कुणाशी धड बोलत नाही. एलिझाबेथ बेनेट तर त्याला नाचायला उठावं इतकीही देखणी वाटत नाही, आणि हे तो तिला ऐकू जाईल असं बोलतो. गाव निकाल देऊन मोकळं होतं : माणूस माजलाय.

हा प्रसंग जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला. ही कादंबरी २८ जानेवारी १८१३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. मूळ मसुदा १७९६-९७चा, नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’. वडिलांनी एका प्रकाशकाला विचारून पाहिलं, त्याने हस्तलिखित न बघताच नकार कळवला. पुढे तिने हक्क ११० पौंडांना विकले. हवे होते १५०. मुखपृष्ठावर तिचं नावही नव्हतं.

नावातला ‘प्राइड’ मराठीत आणायचा तर पंचाईत होते. गर्व, ताठा, तोरा, माज, स्वाभिमान... डार्सीला नेमकं काय लावायचं? नाचानंतर बायका हाच कीस पाडत बसतात. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट म्हणते, एवढं घराणं, एवढा पैसा, त्याने ताठ्यात राहिलं तर बिघडलं कुठे? एलिझाबेथला तेही मान्य आहे. फक्त त्याने तिचा अभिमान दुखवायला नको होता. मग तिची पुस्तकी बहीण मेरी सांगते, की आपण स्वतःला काय समजतो तो गर्व, आणि लोकांनी आपल्याला काय समजावं असं वाटतं तो पोकळ डौल. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. वाचकही देत नाही. कादंबरीची किल्ली लेखिकेने घरातल्या सर्वांत कंटाळवाण्या मुलीच्या हाती दिली, हा खट्याळपणा मला फार आवडतो.

पुढे हन्सफर्ड गावी डार्सी एलिझाबेथला लग्नाची मागणी घालतो ती प्रेमापेक्षा उपकाराच्या भाषेत. तिच्या माणसांचं हलकेपण तो तिलाच ऐकवतो. एलिझाबेथ नाही म्हणते. त्या नकाराची किंमत बघा : वडिलांची मालमत्ता दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, तिच्या वाट्याला आईमागे जेमतेम हजार पौंड. इथे मी स्वाभिमान हाच शब्द वापरेन.

दुसऱ्या दिवशी तो पत्र देतो : बारीक अक्षरात भरलेले दोन कागद, पाकिटावरही मजकूर. ती रागाने वाचते, घडी घालून टाकते, अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते. डार्सीवर अन्यायाचा आरोप करणाऱ्या विकम या अधिकाऱ्याविषयीचा भाग ओळीओळीने तपासते. विकमने तिचं कौतुक केलं म्हणून तो खरा, डार्सीने केलं नाही म्हणून तो खोटा, असा आपला न्याय होता हे तिला उमगतं. माणसं ओळखण्याचा तोरा तिचाही होताच.

डार्सीतला बदल मात्र भाषणातून दिसत नाही. पेम्बर्ली या आपल्या इस्टेटीवर तो एलिझाबेथच्या मामा-मामींची ओळख आपणहून करून घेतो. मामा व्यापारी, लंडनच्या ज्या वस्तीला डार्सीचा मित्र बिंगली याच्या बहिणी हसतात तिथला. डार्सी त्यांना आपल्या ओढ्यात मासे धरायला बोलावतो, गळही देऊ करतो. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकमबरोबर पळून जाते तेव्हा हाच माणूस विकमचं हजार पौंडांहून जास्त कर्ज फेडतो आणि ही गोष्ट कुणाला कळू नये म्हणून हट्ट धरतो. हा हट्टही ताठ्याच्याच घरचा, पण आता त्यात घराण्याची शेखी नाही.

शेवटी एलिझाबेथ आणि डार्सीचं लग्न ठरल्यावर, बिंगली डार्सीच्या सल्ल्याने कसा वळतो यावरून तिच्या ओठांवर एक टोमणा येतो. ती गिळते. स्वतःची थट्टा सोसायला तो अजून शिकायचाय, आणि आज सुरुवात करणं जरा लवकर होईल.