कर्करोगोपचारातील पेप्टाइड : सोमॅटोस्टॅटिनचे उदाहरण

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती औषध म्हणून वापरायची तर पहिली अडचण तुम्हीच सांगू शकाल: रक्तातील विकरे तिचे तुकडे करतात. सोमॅटोस्टॅटिन हे 14 अमिनो आम्लांचे संप्रेरक पाहा. रक्तातील त्याचा अर्धायुकाल जेमतेम 1 ते 3 मिनिटे.

तरीही त्याचा नाद सोडवत नाही. बहुतेक न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर त्याचे ग्राही मोठ्या संख्येने असतात, आणि पेप्टाइड ग्राहीवर बसले की पेशी दोघांनाही आत ओढून घेते.

मग ग्राहीला जुळणारा नेमका भाग कोणता? फेनिलअॅलानिन, ट्रिप्टोफॅन, लायसिन, थ्रिओनिन ही सलग चारच अमिनो आम्ले. तेवढा गाभा राखून 8 अमिनो आम्लांचे ऑक्ट्रिओटाइड तयार झाले. त्यातील ट्रिप्टोफॅन आणि टोकाचे फेनिलअॅलानिन डी-रूपात आहे. आपली विकरे एल-रूपाला सरावलेली, त्यामुळे ती येथे अडखळतात आणि अर्धायुकाल दीड-दोन तासांवर जातो.

ऑक्ट्रिओटाइडमुळे संप्रेरकांचा अतिस्राव व त्यामुळे होणारे जुलाब आटोक्यात येतात, गाठीची वाढ मंदावते. पण गाठ क्वचितच आक्रसते. म्हणून त्याच्याच भावंडाला, ऑक्ट्रिओटेटला, डोटा नावाचे वलय जोडून त्यात किरणोत्सारी ल्युटेशियम-177 बसवतात. त्याचे बीटा कण ऊतीत फार तर 2 मिलिमीटर जातात. मारण्याचे काम किरणांचे; पेप्टाइड फक्त पत्ता शोधते. भारतात हे समस्थानिक तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटर-1 चाचणीत आतड्यातील अशा गाठींचे रुग्ण होते. 20 महिन्यांनंतर आजार न वाढण्याचे प्रमाण या उपचारात 65.2 टक्के, तर नुसत्या वाढीव ऑक्ट्रिओटाइडवर 10.8 टक्के होते. मात्र पुढे एकूण आयुर्मानातील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. परीक्षेत उत्तर लिहिताना हे दुसरे वाक्य गाळू नका.

आता मूत्रपिंडाचे काय? लहान पेप्टाइड तेथे गाळले जाते आणि नलिकेच्या पेशी ते पुन्हा शोषतात, किरणोत्सारासकट. त्यावरचा उपाय साधा आहे. औषधाच्या अर्धा तास आधीपासून लायसिन व आर्जिनिन शिरेतून देतात आणि नंतरही किमान 3 तास चालू ठेवतात. शोषणाच्या जागा तीच अडवून धरतात.