नव्या वर्षाचा आकडा आणि देवळालीचे गुरुजी

जानेवारीचा पहिला पंधरवडा हा दप्तरांतील खाडाखोडीचा काळ असतो. कळंबच्या पंचायत समितीत, तालुक्यातील ग्रामपंचायतींत आणि शाळांत कागदावर दिनांक घालताना हात सवयीने २०२५ लिहितो आणि मग ५ खोडून ६ करावा लागतो. त्यानंतर वर्षभर आपण हा आकडा हजारो वेळा लिहितो. पण त्याच्याकडे क्षणभर थांबून कोणी पाहत नाही. कळंबच्या श्रीचिंतामणीचे दर्शन घ्यावयाचे तर जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे लागते. संख्यांचेही काहीसे असेच आहे. त्यांचे सौंदर्य वरवर पाहणाऱ्यास दिसत नाही. दोनचार पायऱ्या उतराव्या लागतात.

या पायऱ्या ज्यांनी आयुष्यभर उतरल्या, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर महाराष्ट्राचेच. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित-पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक म्हणून काम केले. विद्यापीठातील अध्यापकपद त्यांच्यापाशी नव्हते, उच्च संशोधनाची पदवी नव्हती. अनेक विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. मात्र १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरातून त्यांचा परिचय करून दिला आणि देवळालीच्या या गुरुजींचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. आज जगातील गणिताच्या पुस्तकांत ‘कापरेकर संख्या’ या नावाने एक संख्याप्रकार नोंदलेला आहे.

नुकतेच सरलेले २०२५ हे वर्ष याच प्रकाराशी निगडित होते. २०२५ हा ४५ चा वर्ग आहे. या आकड्याचे मधोमध दोन भाग केले, तर २० आणि २५ मिळतात. त्यांची बेरीज पुन्हा ४५. ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन भाग करून बेरीज केल्यास मूळ संख्या परत मिळते, ती कापरेकर संख्या होय. १ ते ९ या अंकांची बेरीज ४५ आहे आणि त्याच अंकांच्या घनांची बेरीज २०२५ आहे, हा आणखी एक योग.

असे वर्ष पुन्हा केव्हा येईल? उत्तर साध्या भागाकारात आहे. वर्गाचा डावा भाग शंभरपट मोजला जातो. बेरीज करताना तो एकपट धरला जातो. म्हणजे वर्गातून मूळ संख्या वजा केली, तर ९९ च्या पटीतील संख्या उरावयास हवी. संख्येचा वर्ग उणे ती संख्या म्हणजेच ती संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांचा गुणाकार. ४५ गुणिले ४४ यास ९९ ने भाग जातो, कारण ४५ मध्ये ९ आहे व ४४ मध्ये ११. याच कसोटीस चार अंकी वर्गांपैकी आणखी दोनच उतरतात : ५५ चा वर्ग ३०२५ आणि ९९ चा वर्ग ९८०१. म्हणजे २०२५ नंतरचे असे वर्ष बरोबर एक हजार वर्षांनी येईल.

मग २०२६ च्या वाट्यास काय आले? हा आकडा ४५ च्या वर्गात १ मिळवून होतो. त्याचे दोन भाग केले, तर प्रत्येक भाग १०१३ होतो. ही मूळ संख्या असून ती २२ आणि २३ या लागोपाठच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज आहे. कापरेकरांनी ‘स्वयंभू’ संख्यांचाही शोध घेतला होता. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या ‘जन्मते’. २०२१ मध्ये २, ०, २ व १ यांची बेरीज ५ मिळविली, की २०२६ मिळते. म्हणून २०२१ हा २०२६ चा जनक होय. ज्या संख्येस असा जनकच नाही, ती स्वयंभू. २०२२ हे वर्ष स्वयंभू होते. यापुढचे स्वयंभू वर्ष २०३३ असेल.

कापरेकरांचा सर्वांत गाजलेला शोध ६१७४ या संख्येचा. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान संख्या वजा करावी. जी वजाबाकी येईल तिच्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. शून्य आल्यास तेही अंक म्हणून जागेवर ठेवावे. २०२६ घेऊन पाहू :

६२२० – ०२२६ = ५९९४
९९५४ – ४५९९ = ५३५५
५५५३ – ३५५५ = १९९८
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

६१७४ वर हीच क्रिया केली, तर ७६४१ मधून १४६७ वजा जाऊन पुन्हा ६१७४ च येते. आरंभ कोठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे मुक्कामाचे गाव येते. २२ मार्च २०२६ रोजी भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार शके १९४८ सुरू होते. तो आकडा तर दोनच पायऱ्यांत तेथे पोहोचतो. शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावे.

शाळेच्या दृष्टीने या खेळाचे मोल मोठे आहे. हातच्याच्या वजाबाकीची पन्नास उदाहरणे सोडविण्यास मुले कंटाळतात. येथे मात्र मुक्काम गाठण्याच्या ओढीने ती स्वतःहून वजाबाक्या करतात. शिवाय चूक शोधण्याची किल्ली त्यांच्याच हाती असते. वजा करावयाच्या दोन्ही संख्यांत तेच अंक असल्यामुळे दोहोंस ९ ने भागले असता बाकी सारखीच राहते. म्हणून प्रत्येक वजाबाकीस ९ ने नि:शेष भाग गेलाच पाहिजे. तो गेला नाही, तर कोठेतरी हातचा चुकला आहे, हे मूल गुरुजींना न विचारता ताडू शकते. त्यासाठी खडू व फळा यांखेरीज खर्चाची बाब नाही. दुर्गम पोडावरील एकशिक्षकी शाळेतही हे करता येते.

कार्यालयांसाठीही एक गंमत आहे. २०२६ चा १ जानेवारी गुरुवारी आला. फेब्रुवारी रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, म्हणजे तो बरोबर चार ओळींत बसतो. २०१५ ची जुनी दिनदर्शिका कोणाकडे शिल्लक असेल, तर वार आणि दिनांक यांपुरती ती यंदा जशीच्या तशी चालेल. तिथी व सण मात्र त्यावरून पाहू नयेत.

शेवटी एक इशारा देणे अगत्याचे आहे. २०२६ च्या अंकांच्या वर्गांची बेरीज ४४ येते. पुढे तीच कृती करीत गेल्यास ३२, १३, १० आणि अखेरीस १ येतो. अशा संख्येस गणितात ‘आनंदी संख्या’ म्हणतात. पण हे केवळ नाव आहे. आकडा आनंदी आहे म्हणून यवतमाळ जिल्ह्यात पाऊस वेळेवर पडत नाही आणि कापसास भाव अधिक मिळत नाही. वर्षाची गणना माणसाने ठरविली. ख्रिस्ती सनाचे २०२६ हेच शकगणनेत १९४७ आणि १९४८ आहे. आकड्यांवरून शुभाशुभ सांगणाऱ्यांच्या नादी लागून कष्टाचा पैसा दवडणाऱ्या कुटुंबांना हे समजावून सांगण्याचे काम गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी करावयाचे आहे. आकडा भविष्य सांगत नाही. तो विचार करावयास शिकवितो.

देवळालीच्या एका शाळामास्तरांनी कागद, पेन्सिल आणि जिज्ञासा एवढ्या भांडवलावर जगाच्या गणितात महाराष्ट्राचे नाव कोरले. कळंब तालुक्यातील एखाद्या शाळेत ही वजाबाकी करता करता ‘असे का होते?’ हा प्रश्न एखाद्या मुलीने वा मुलाने विचारला, तर गुरुजींनी त्या प्रश्नास घाईने उत्तर देऊन तो मिटवू नये. तो फळ्यावर लिहून ठेवावा. नव्या वर्षाचा याहून चांगला प्रारंभ कोणता असेल?