आधी पाणी कुठं बांधलेलं होतं?

पैठणच्या डाव्या कालव्याला आवर्तन आलं की वडीगोद्रीच्या शिवारात एकच वाक्य या बांधावरून त्या बांधावर जातं : ‘पाणी सुटलं!’ ऊसवाला पळतो, मोसंबीवाला पळतो. समजा, अशाच एका घरात चार वर्षांची नात विचारते, ‘आबा, आधी पाणी कुठं बांधलेलं होतं?’

आबा थबकतात. जायकवाडीच्या पाण्याची वाट बघण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. वरच्या धरणांनी पाणी अडवायचं आणि खालच्यांनी मागत राहायचं, हे भांडण त्यांना तोंडपाठ आहे. संध्याकाळी हायवेवरच्या टपरीवर ते सांगतात, ‘पोरगी काय बोलली बघा. नाशिक-नगरला पाणी बांधून ठेवलंय, हे एवढ्याशा लेकराला कळलं!’ रात्री फोनवरून पुण्याच्या मुलापर्यंत पोचेपर्यंत वाक्य बदललेलं असतं : ‘आबा, आपलं पाणी कोण बांधून ठेवतं?’

प्रसंग मी कल्पिलेला आहे, पण असा आजोबा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. मला त्याच्याविषयी माया वाटते आणि म्हणूनच त्या नातीच्या डोक्यात खरोखर काय चाललं होतं, हे बघावंसं वाटतं.

तिच्या जगात ‘सुटतं’ ते वासरू. दावं निसटलं की ते अंगणभर उधळतं आणि आई ओरडते, ‘अगं, वासरू सुटलं!’ जे सुटतं ते आधी बांधलेलं असतं, हा नियम तिनं स्वतः शोधून काढलाय, कुणी शिकवलेला नाही. तोच तिनं पाण्याला लावला. ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणारं मूलही असंच नियम लावत असतं. तिच्या प्रश्नात धरणाचं राजकारण नव्हतं, समन्यायी पाणीवाटपाचा 2005 चा कायदाही नव्हता. ते सगळं आबांनी आपल्या पदरचं घातलं. भाषेनं त्यांना हातभारच लावला, कारण मराठीत धरणही ‘बांधतात’.

मोठ्यांचं हे पदरचं घालणं संशोधकांनी मोजून पाहिलंय. अमेरिकेत स्कॉट मिलर यांनी 1986 मध्ये पहिलीतल्या मुलांना काही कोडी घातली आणि ‘तुमच्या मुलाला यातलं काय येईल?’ असं त्यांच्या आयांना विचारलं. आयांचे अंदाज अगदीच चुकले नव्हते, पण चुकत तेव्हा बहुतेकदा वरच्या बाजूला चुकत. नेदरलँड्सच्या एडी ब्रुमेलमन यांच्या गटानं 2015 मध्ये आणखी पुढचं पाहिलं. तुमच्या मुलाला कोणकोणत्या गोष्टी माहीत आहेत, असं पालकांना विचारलं आणि यादीत ‘राणी अल्बर्टा’सारखी कधी अस्तित्वातच नसलेली नावं मिसळली. आपलं मूल इतरांहून खास आहे असं मानणारे पालक ठामपणे म्हणाले, हो, तिला हे माहीत आहे! यात लबाडी दिसत नाही. मायेनं बघणारा डोळा रिकामी जागा भरून काढतो, एवढंच.

निवडही आपणच करतो. मूल दिवसभर बोलत असतं. त्यातली बहुतेक वाक्यं संध्याकाळपर्यंत विरून जातात आणि आपल्या मनातल्या दुखऱ्या जागेवर पडलेलं एखादंच उरतं. मग ते सांगता सांगता घासून गुळगुळीत होतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं होतं : एखादी गोष्ट पुन्हा सांगताना माणूस अनोळखी भाग गाळतो आणि उरलेलं आपल्या समजुतीच्या साच्यात बसवतो.

मग मुलांच्या बोलण्यात दम नसतो का? असतो, भरपूर असतो. चार्ल्स डार्विनचं उदाहरण मला फार आवडतं. आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणीची टिपणं त्यानं 37 वर्षं जपली आणि 1877 मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात छापली. वर्षाच्या मुलानं खाण्यासाठी स्वतःचा शब्द काढला, ‘मम्’, असं त्यात नोंदलंय. आपल्या घराघरांतल्या ‘मंमं’चा हा सख्खा भाऊ! डार्विननं त्यात शहाणपण शोधलं नाही. मुलगा तो शब्द कधी वापरतो, कोणत्या सुरात वापरतो, एवढंच बारकाईनं टिपलं.

जाँ पियाजेची वाटही अशीच. 1920 च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करताना त्याचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे गेलं. एका वयाची मुलं एकाच पद्धतीनं चुकत होती. पुढे तो मुलांशी निवांत बोलत बसू लागला. आपण चाललो की चंद्र आपल्यामागं येतो, असं मुलं सांगत. पियाजे हसत नसे आणि वाहवाही करत नसे. तो पुढचा प्रश्न विचारी : दोघं दोन दिशांना गेले तर चंद्र कुणामागं जाईल? त्या पुढच्या प्रश्नातून बालमानसशास्त्राचा मोठा भाग उभा राहिला.

मुलांच्या उपमांबाबतही असंच सावध राहावं लागतं. एलन विनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची कसोटी साधी आहे. वस्तूचं नेहमीचं नाव मुलाला आधीपासून येत असेल आणि तरी ते मुद्दाम दुसरं नाव देत असेल, तर ती उपमा. नाव येतच नसेल, तर जवळचा शब्द उसना घेतलाय. कालव्याला ‘लांबडा साप’ म्हणणारी मुलगी कवी आहे की नाही, हे तिला ‘कालवा’ हा शब्द येतो का यावर ठरतं.

मला खटकतं ते वेगळंच. गळिताच्या हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. तिथली चार वर्षांची पोरगीही ‘सुटलं’ आणि ‘बांधलं’ यांचा असाच मेळ घालत असणार, कारण भाषा शिकणारा मेंदू कोपी आणि वाडा बघत नाही. पण तिची आई पहाटेच फडात गेलेली असते. एका मुलीच्या प्रश्नाला आपण तत्त्वज्ञान म्हणतो आणि दुसरीचा प्रश्न ऐकायला माणूसच नसतो. शहाणपण त्या वाक्यातच असतं, तर ते दोन्हीकडे सारखंच दिसलं असतं.

आबांना पुढचा प्रश्न विचारता आला असता : ‘तुला काय वाटतं, कशानं बांधलं असेल?’ ती कदाचित ‘दाव्यानं’ म्हणाली असती. कदाचित गप्प बसून विचारात पडली असती, कारण पाण्याला वासरासारखी मान कुठं असते? मग सकाळी तिला कडेवर घेऊन कालव्याच्या गेटापाशी जाता आलं असतं. पाटकरी चाक फिरवतो, लोखंडी पाटी वर सरकते आणि खालून गढूळ पाणी उसळून येतं. ते बघून ती काय विचारते, ते ऐकायला मला आवडलं असतं.