कॅमेरा ट्रॅप घेताना

खोक्यावरच्या मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. तो बऱ्याचदा फुगवलेला असतो. खरी कसोटी ट्रिगरच्या वेगाची. समोरून ऊबदार अंगाचं काही सरकलं की सेन्सर कॅमेऱ्याला जागं करतो. त्यात सेकंदभर गेला, तर बिबट्या पुढे निघून जातो आणि फोटोत उरते नुसती शेपटी. अर्ध्या सेकंदाच्या आतलाच घ्या. रात्रीसाठी ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे लांबवर पोचतात, पण मंद लाल दिसतात. ९४० चे जवळपास दिसतच नाहीत. वाघ पट्ट्यांवरून ओळखायचा असेल तर मात्र पांढरा फ्लॅश बरा, आणि दोन्ही कुशींसाठी समोरासमोर दोन कॅमेरे. झाकणाची रबरी कड बोटाने चाचपून बघा. कोकणातला पाऊस तिथूनच आत शिरतो. जंगलात लावायचा असेल तर वन विभागाची परवानगी आधी काढा.