सोबत मोजणारा मेंदू

दिवे लागायला अजून तासभर अवकाश आहे. प्रयोगशाळेत मिट्ट काळोख. संशोधकांनी अंधारात दिसणारे अवरक्त चष्मे डोळ्यांवर चढवले आहेत. टाकीतून ते एकच मासा अलगद बाहेर काढतात, त्या टाकीचा दादा. ठरल्या वेळी दिवे लागतात, आणि आजवर दबून राहिलेल्या एका नराच्या ध्यानात येतं की दादा जागेवर नाही. काही मिनिटांतच त्याचा फिका रंग उजळतो, डोळ्यापाशी काळी रेघ उमटते आणि तो इतरांच्या अंगावर धावून जाऊ लागतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेतला हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. मासा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या उथळ काठांवर राहणारा, सिक्लिड कुळातला ‘बर्टोनी’. या माशांत थोडेच नर हद्द राखतात, वाळूत खड्डा करतात, माद्यांना रिझवतात. बाकीचे नर माद्यांसारखे फिक्या रंगात थव्यात मिसळून राहतात आणि संधीची वाट पाहतात.

त्यांच्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाला, प्रजननाची सूत्रं हलवणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांतून स्रवणारं जीएनआरएच हे संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं आणि ती वृषणांना. दादा नराच्या या पेशी दबलेल्या नराच्या पेशींपेक्षा आकारमानाने सुमारे ८ पट मोठ्या असतात, हे फर्नाल्ड यांच्या गटाने आधीच दाखवलं होतं. काळोखातल्या प्रयोगाने त्यापुढची गोष्ट उघड केली. चेतापेशीत बदलाची सुरुवात झाली की ईजीआर-१ नावाचं एक जनुक चटकन जागं होतं. नुकत्याच वर चढू लागलेल्या नराच्या त्या पेशींमध्ये ते जोरात जागं झालेलं आढळलं. दबलेल्या नरात तसं नव्हतं, यात नवल नाही. पण मुरलेल्या दादातही नव्हतं! त्या पेशी पदाला दाद देत नव्हत्या, पद मोकळं झाल्याला देत होत्या.

मला यात कार्यकारणाची दिशा फार महत्त्वाची वाटते. मेंदू जसा असेल तसं प्राणी वागतो, असं आपण सहज धरून चालतो. इथे आधी समाजातली जागा बदलली आणि मागोमाग मेंदूतल्या पेशी वाढल्या. माशाला खाली ढकललं, तर रंग लगेच उतरतो. पेशी मात्र आक्रसायला, त्या वाढायला लागतात त्याहून जास्त दिवस घेतात.

अशा प्रयोगांवरून माणसांच्या कचेऱ्या आणि राजकारण समजावून सांगण्याचा मोह मोठा असतो. तो टाळायला हवा. माशाचं आणि आपलं साम्य कथेत नाही, घडणीत आहे. लॉरेन ओ’कॉनेल आणि हान्स हॉफमन यांनी २०१२ मध्ये पृष्ठवंशी प्राण्यांच्या ८८ प्रजातींमध्ये सामाजिक निर्णयांशी निगडित १२ मेंदूभाग ताडून पाहिले. मासा, बेडूक, सरडा, पक्षी, सस्तन प्राणी या सगळ्यांत त्या भागांतली जनुकांची मांडणी बऱ्याच अंशी सारखी निघाली. म्हणून मासा.

दुसरा मासा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात ज्याचं वर्णन केलं, तो झेब्रा मासा. लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर, अंगावर निळसर पट्टे, वस्ती भातखाचरांत आणि संथ ओढ्यांत. ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला जनुकशास्त्राच्या कामाला जुंपलं. त्याची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असल्यामुळे जिवंत मेंदूतल्या पेशी काम करताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत एरिन शुमन यांच्या गटाने काही झेब्रा पिल्लं भावंडांसोबत वाढवली, काही एकेकटी, आणि दोहोंत कोणती जनुकं जागी आहेत ते पाहिलं. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. पीटीएच२ या संप्रेरकाचं जनुक एकट्या माशात जवळजवळ मुकं होतं. सोबत मिळाली की अर्ध्या तासात ते बोलू लागे. भोवतीचे मासे वाढले की त्याची पातळीही वाढे.

पण माशाला सोबत कळते कशी? काचेपलीकडचे सोबती दिसू दिले. फरक पडला नाही. त्यांचा वास पोहोचू दिला, तरी नाही. उरलं पाण्याचं हलणं. माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सूक्ष्म केस असलेल्या पेशींची ओळ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. आपल्या अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या पेशी याच जातीच्या. त्या पेशी औषधाने निकामी केल्यावर सोबत देऊनही पीटीएच२ वाढेना. मग एकट्या माशाच्या पाण्यात, खऱ्या माशांच्या पोहण्याची टिपून घेतलेली लय मोटरच्या साहाय्याने उमटवली. जवळ कोणीही नव्हतं, तरी संप्रेरक वाढलं.

माशाला आपल्यासारखं एकाकी वाटतं, असं यातून ठरत नाही. त्याचा मेंदू सोबतीची मोजदाद ठेवतो आणि ती अंगाला लागणाऱ्या पाण्यावरून ठेवतो, एवढं ठरतं, आणि तेवढंही मला थक्क करतं. घरी काचेची टाकी ठेवणारे जाणते लोक झेब्रा मासा कधीच एकटा आणत नाहीत, सहा-सात तरी आणतात. कारण माहीत नसताना अनुभवाने त्यांना हे उमगलं होतं.

भीतीही अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जाते. थव्यातला एक मासा घाबरून थिजला की त्याला पाहणाराही थिजतो. पोर्तुगालमधल्या गुल्बेंकियान विज्ञान संस्थेत रुई ऑलिव्हेरा यांच्या गटाने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक किंवा ते टिपणारे पेशींवरचे ग्राहक नसलेले झेब्रा मासे घेऊन याची परीक्षा केली. त्यांचा शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारी भीतीने गारठलेला दिसत असूनही हे मासे आपल्या नादात पोहत राहिले. ज्यांच्यात फक्त ऑक्सिटोसिन नव्हतं, त्यांना ते बाहेरून टोचलं, तर शेजाऱ्याची भीती त्यांच्यापर्यंत पोहोचू लागली. सस्तन आईला बाळाशी बांधणारं ते हेच संप्रेरक. माशांची आणि आपली वाट फुटून ४० कोटींहून अधिक वर्षं झाली, तरी ते दोन्हीकडे शेजाऱ्याची दखल घ्यायला लावतं.