उन्हाचा रेटा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात बनणाऱ्या रेल्वे रुळाचा मीटरभर तुकडा ६० किलोंचा. जपानचं २०१० सालचं ‘इकारोस’ यान अशा जेमतेम पाच मीटर रुळाइतकं जड. शीड मात्र १४ मीटर लांब-रुंद! प्रकाशकण त्यावरून उलटताना त्याला ढकलतात. चौरस मीटरमागे हा रेटा मिलिग्रॅमच्या वजनाएवढाही नाही. पण इंधन लागत नाही आणि वेग साठत जातो.

आपल्याकडेही हे शीड होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९९२च्या इन्सॅट-२एला सौरपंख एकाच बाजूला. दुसरी बाजू अवरक्त कॅमेरा थंड राहावा म्हणून मोकळी. उन्हाच्या रेट्याने उपग्रह कलू नये, यासाठी तिकडे लांब दांड्यावर छोटं शीड बसवलं.

गुरूपाशी ऊन पृथ्वीपाशी असतं त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून शिडाच्या यानाला दूरच्या प्रवासाचा वेग सूर्याजवळच कमवावा लागतो.